हजेरीचे पैसे

भाऊच्या धक्क्यावरून लाँच धरून आम्ही आज मोऱ्याला उतरलो. निघण्याआधी पहिली चौकशी केली ती भरतीची. ओहोटीला गाळामुळे इथे लाँच लागायची पंचाईत होते, हे तुम्हाला आम्ही काय सांगणार! पण भरती-ओहोटीचं निदान वेळापत्रक तरी मिळतं. आज ज्या कमाईबद्दल बोलायचं आहे, तिचं तेही मिळत नाही. विषय आहे लाइव्ह स्ट्रीमिंग करून पोट भरण्याचा.

सुरुवातीलाच एक फरक करू. उरण, पनवेल, अलिबाग या पट्ट्यात 'लाइव्ह' हा शब्द आता घरोघरी झाला आहे. टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा, हळदी, जत्रा, सगळं यूट्यूबवर थेट दिसतं. जहाजावर नोकरीला असलेला मुलगा तिकडे बसून बहिणीची हळद बघतो. हे काम करणारी पोरं कॅमेरे लावतात, रात्रभर जागतात आणि आयोजकाकडून ठरलेले पैसे घेतात. तमाशाच्या भाषेत ही सुपारी. काम आधी ठरलं, दाम आधी ठरला. या धंद्यात उधारी असेल, घासाघीस असेल, पण तो सरळ धंदा आहे.

दुसरा प्रकार म्हणजे एकटा माणूस, समोर फोन, बाजूला गोल दिवा. तो गेम खेळतो, गाणं म्हणतो, नुसत्या गप्पा मारतो आणि बघणाऱ्यांनी पैसे द्यावेत म्हणून थांबतो. आमची टीका आहे ती या दुसऱ्या प्रकाराच्या रचनेवर, तो करणाऱ्या पोरांवर नाही.

आधी नियम बघू. यूट्यूबवर प्रेक्षकांकडून पैसे घेण्याची सोय मिळायला निदान ५०० सबस्क्रायबर लागतात. त्यासोबत ९० दिवसांत ३ व्हिडिओ आणि वर्षभरात ३,००० तासांचं पाहणं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे ३० लाख व्ह्यू. व्हिडिओवरच्या जाहिरातींचा वाटा हवा तर १,००० सबस्क्रायबर आणि ४,००० तास, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यू. त्या जाहिरातीतले ५५ टक्के आपले. प्रेक्षकाने पाठवलेल्या सुपर चॅटमधले ७० टक्के आपले, ३० कंपनीचे. आणि खात्यात १०० डॉलर जमेपर्यंत हातात काही पडत नाही.

सुपर चॅट म्हणजे काय? प्रेक्षक पैसे पाठवतो, त्याचा संदेश रंगीत पट्टीत वर चिकटतो. रक्कम जितकी मोठी तितका जास्त वेळ, पाच तासांपर्यंत. मंडळी, हे आपल्याला नवीन आहे का? आपल्याकडे याला दौलतजादा म्हणतात. तमाशात प्रेक्षक नोट दाखवतो, लावणी थांबते, नाचणारी बाई नोट घेते, देणाऱ्याचं नाव पुकारलं जातं आणि मग ढोलकी पुन्हा सुरू होते.

पण एक मोठा फरक आहे. फडाला गावाची सुपारी असायची किंवा तंबूला तिकीट असायचं. दौलतजादा वरकड होती. ती नाही झाली तरी वग व्हायचाच. लाइव्हमध्ये मूळ सुपारीच नाही, वरकड हीच मुख्य कमाई. मग नाव पुकारणं हा मुख्य कार्यक्रम होतो आणि गाणं उरलेल्या जागेत बसवलं जातं. आम्ही पाहिलेल्या कितीतरी मराठी लाइव्हमध्ये बोलणारा चांगल्या मुद्द्यावर आलेला असतो, तेवढ्यात कुणाचे चाळीस रुपये येतात. "थँक यू दादा, कुठून बघताय?" दादा सांगतात, कर्जत. मग कर्जतच्या गप्पा. तो मुद्दा परत येतच नाही. बोलणाऱ्याला बोलता येत नाही म्हणून असं होत नाही, त्याला मुद्द्याचे पैसे मिळतच नाहीत म्हणून होतं. पैसे मिळतात समोर असण्याचे. मजुरीत जशी हजेरी लागते, तशी ही हजेरी. उठून गेलात की खाडा.

इथे विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट आठवते. पोटुशी असताना त्या फडावर नाचत होत्या. कळा आल्या, आत जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या, असं सांगतात. आपण ही गोष्ट कलेच्या निष्ठेची म्हणून सांगतो. पण तिचा शेवट विसरतो. समोरच्या लोकांच्या लक्षात आलं, आणि त्यांनीच हात जोडून खेळ थांबवायला लावला, असंही सांगतात. तेच प्रेक्षक, दौलतजादा करणारे. पण ते समोर होते, त्यांना बाई दिसत होती. लाइव्हवाल्याला समोर दिसतो तो आकडा. तो थकला, तापाने फणफणला, तर आकडा कमी होतो, 'थांब' म्हणत नाही.

आता वाट्याकडे येऊ. मोऱ्याच्या कोळीवाड्यात वाट्याचा हिशोब लहान पोरालाही कळतो. नाखवा वाटा घेतो, खलाशी वाटा घेतात. नाखव्याचा वाटा मोठा, कारण बोट त्याची, जाळं त्याचं, डिझेलची उधारी त्याच्या नावावर. हंगामाआधी खलाशाला उचलही तोच देतो. तमाशाचा फडमालकसुद्धा उचल द्यायचा. त्या उचलीने माणसं बांधली गेली, पिळली गेली, हेही खरंच. पण मासळी नाही लागली तर मालकही बुडायचा. इथे सर्व्हर कंपनीचा, हे मान्य. पण फोन तुमचा, नेट तुमचं, वीज तुमची, जागरण तुमचं. उचल नाही. आणि एक स्ट्रीम रिकामी गेली तर ती फक्त तुमची.

शिवाय समुद्र रातोरात काढून घेतला जातो, असं आपल्या धंद्यात होत नाही. तिथे होतं. जून २०२० मध्ये टिकटॉक बंद झालं, त्याच वर्षी २ सप्टेंबरला पबजी मोबाइल. नंतर आलेला बीजीएमआय जुलै २०२२ मध्ये दुकानातून हटवला गेला, तो मे २०२३ मध्ये परत आला. ते निर्णय बरोबर की चूक, हा आजचा विषय नाही. मुद्दा एवढाच, की त्या खेळावर घर चालवणाऱ्याच्या हाती त्यातलं काहीच नव्हतं. आणि वाटणी किती विषम? ऑक्टोबर २०२१ मध्ये ट्विच या अमेरिकी कंपनीचे आकडे फुटले. त्यांच्या विश्लेषणातून दिसलं, की निम्म्याहून अधिक पैसा वरच्या एक टक्का लोकांकडे गेला होता.

तुमच्यातला एखादा तरुण म्हणेल, "सर, बंदर आलं, कंपन्या आल्या, पण आम्हाला नोकरी कुठे आहे? निदान इथे कुणाची चिठ्ठी लागत नाही." बाळा, हे तुझं म्हणणं खरं आहे, आणि त्याला आमच्याकडे पूर्ण उत्तर नाही. लाइव्हने आणखी एक चांगलं केलं. आगरी-कोळी बोलीत तासभर बोलायला कुणाची परवानगी लागत नाही. ज्या बोलीला नाटक-सिनेमात फक्त हसायला घेतलं, ती बोली तिथे हक्काने रागावते, रडते, सामन्याचं समालोचन करते. ते जपायला हवं. म्हणूनच हजेरीच्या पैशाने ते खाऊन टाकू नये, असं आम्हाला वाटतं.

मग करायचं काय? उत्तर तुमच्याच धंद्यात आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. माशांची वीण व्हावी, म्हणून. त्या दोन महिन्यांत पैसा येत नाही, कुरकुर होते, चोरून जाणारेही जातात. पण बंदीच नको असं जुना नाखवा म्हणत नाही. पुढच्या हंगामाची मासळी त्यातूनच येते, हे त्याला माहीत असतं. लाइव्हवाल्याला अशी बंदी कुणी घालत नाही. ती त्याने स्वतः घालायची आहे. आठवड्याचे ठरलेले दिवस, ठरलेले तास. उरलेल्या वेळात वाचायचं, फिरायचं, वडीलधाऱ्यांकडून जुनी गाणी आणि गोष्टी गोळा करायच्या. नाहीतर रोज समोर बसून सांगणार काय? आणि घर चालवायचं ते सुपारीच्या कामावर, दौलतजादा वरकड धरून.

यात प्रेक्षकांचंही काम आहे. आवडता पोरगा रात्री तीनलाही लाइव्ह दिसला, तर चाळीस रुपये टाकून त्याला जागं ठेवू नका. "झोप आता, उद्या बघतो," असं लिहा. विठाबाईंच्या प्रेक्षकांनी केलं, ते एवढंच होतं.

प्रश्न घेऊया. फक्त लाँच चुकणार नाही एवढं बघा, आम्हाला परत जायचंय.