वावडं, विष आणि पथ्य : निसर्गोपचाराच्या भाषेची एक समीक्षा



ॲलर्जी हा शब्द आता आपल्याकडे इतका रुळला आहे की तो परका वाटत नाही. पण तो फार जुनाही नाही. १९०६ साली क्लेमेन्स फॉन पिर्के या व्हिएन्नाच्या बालरोगतज्ज्ञानं तो घडवला. मराठीत मात्र त्यासाठी एक शब्द आधीपासून होता, वावडं. 'त्याला वांग्याचं वावडं आहे' असं आपण म्हणतो, तेव्हा वांगं वाईट आहे असं म्हणत नाही आणि त्या माणसानं काही पाप केलं असंही म्हणत नाही. दोघांचं जमत नाही, एवढंच सांगतो. कारण कळलेलं नसताना कारण सांगण्याचा आव न आणणारा असा हा प्रामाणिक शब्द आहे.

आज आम्हाला बोलायचं आहे ते या वावड्याचं कारण सापडत नाही तेव्हा माणूस जिथं जातो त्या जागेबद्दल, म्हणजे निसर्गोपचाराबद्दल. समीक्षा म्हणजे निंदा नव्हे, हे या व्याख्यानमालेच्या श्रोत्यांना वेगळं सांगायला नको. एखाद्या कादंबरीची भाषा जशी तपासतात, तशी आम्हाला या उपचाराची भाषा तपासायची आहे. तो काय वचन देतो आणि काय पाळतो, हे बघायचं आहे.

आधी तिथं जातो कोण, ते पाहू. रोज संध्याकाळी अंगावर पित्त उठतं अशी एखादी बाई घ्या. पित्ताला आपल्याकडे 'गांधी उठणं' असंही म्हणतात. महात्माजींशी त्याचा काही संबंध नाही. (हशा) ते मात्र थोड्या वेळानं येणारच आहेत. तर ही बाई आमसुलाचं पाणी चोळते, मग डॉक्टरकडे जाते. तपासण्या होतात, सगळ्या नॉर्मल येतात. डॉक्टर म्हणतात, 'रोज एक गोळी घ्या.' गोळी घेते तोवर बरं, सोडली की पुन्हा तेच. 'पण कशामुळे होतंय, डॉक्टर?' या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, कारण बाहेर पुढचे वीस जण बसलेले असतात.

खरं तर उत्तर आहे. सहा आठवड्यांहून जास्त टिकणाऱ्या पित्तात बाहेरचं कारण बहुतेक वेळा सापडत नाही. जेवणातला पदार्थ तर क्वचितच कारण असतो. पुष्कळ जणांच्या बाबतीत शरीराची संरक्षणयंत्रणाच स्वतःच्या पेशींना चिथावते. काही महिन्यांनी, काही वर्षांनी हे आपोआप शमतं. तोवर गोळीनं आवरायचं. हे सगळं नीट सांगायला दहा मिनिटं लागतात आणि ती दहा मिनिटं या बाईला कुणी दिलेली नसतात. त्यात 'पित्त' या शब्दानं आणखी घोळ होतो. त्वचेचा विकार पोटाचा समजून माणसं ॲसिडिटीची औषधं खात बसतात.

निसर्गोपचारक तिला तासभर देतो. झोप कशी आहे, पोट साफ होतं का, घरात ताण आहे का, काल काय खाल्लं, परवा काय खाल्लं, सगळं विचारतो. कित्येकांचं इतकं ऐकून घेणारा तो पहिलाच माणूस असतो. हे त्याचं बलस्थान आहे आणि त्याला कमी लेखण्याची आमची इच्छा नाही.

आता त्याच्या सिद्धांताकडे वळू. आपल्याकडच्या निसर्गोपचाराचं एक मोठं मूळ जर्मनीत आहे. लाइपझिगचे लुई कुने यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडलं की सगळे रोग मुळात एकच आहेत, शरीरात साठलेली विजातीय द्रव्यं हेच त्यांचं कारण, आणि ती बाहेर काढणं हाच उपाय. कटिस्नान हे त्यांचंच. आडोल्फ युस्ट यांच्या पुस्तकातून मातीचे उपचार आले. गांधीजींनी हे दोन्ही दक्षिण आफ्रिकेत असतानाच वाचलं आणि आधी स्वतःवर व घरच्यांवर करून पाहिलं. १९४२ साली आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी गुजरातीत 'आरोग्यनी चावी' लिहिली. पृथ्वी, पाणी, आकाश, तेज आणि वायू ही पंचमहाभूतंच तिथं औषधं आहेत. पुढं मार्च १९४६ मध्ये ते उरुळी कांचनला आले. गरिबांचं उपचारकेंद्र शहरात नको, खेड्यात हवं, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. तिथला आश्रम मग मणिभाई देसाईंनी उभा केला. या परंपरेत स्वस्ताई आहे, साधेपणा आहे, स्वतःच्या शरीराची जबाबदारी स्वतः घेण्याचं आवाहन आहे. हे सगळं मोलाचं आहे.

पण आमचा मुद्दा असा. ॲलर्जी हा सगळ्यांत व्यक्तिगत आजार आहे. एका पंगतीत शंभर माणसं शेंगदाण्याची चटणी खातात आणि एकाचाच घसा सुजतो. असं का होतं, हे 'सगळे रोग एक' या सिद्धांताला सांगता येत नाही. विष सगळ्यांच्याच पोटात साठत असेल, तर बाकीच्या नव्व्याण्णवांचं काय? याचं उत्तर उलट त्या घाईतल्या डॉक्टरच्या शास्त्राकडे आहे. त्या एका माणसाच्या शरीरात शेंगदाण्यातल्या ठरावीक प्रथिनाविरुद्ध आयजीई नावाचं प्रतिद्रव्य तयार झालेलं असतं. म्हणजे गंमत बघा. ज्याचा सिद्धांत सगळ्यांना एका मापानं मोजतो, तो रोग्याशी मात्र एकेकटा माणूस म्हणून बोलतो. ज्याचा सिद्धांत माणसामाणसांत फरक करतो, तो रोग्याला रांगेतला नंबर म्हणून वागवतो. रोगी बिचारा सिद्धांत बघून जात नाही, वागणूक बघून जातो. आम्ही त्याला दोष देत नाही.

'विष साठतं' या कल्पनेचा एक निकाल फार पूर्वीच लागला आहे. १९०२ साली शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी समुद्रफुलाचं विष कुत्र्यांना टोचून पाहिलं. पहिली मात्रा कुत्र्यांनी पचवली. काही आठवड्यांनी त्याहून कमी मात्रा दिली, तर कुत्री काही मिनिटांत मेली. पहिलं विष अंगात साठून राहिलं म्हणून ती मेली नाहीत. शरीरानं ते लक्षात ठेवलं होतं, म्हणून मेली. ॲनाफिलॅक्सिस हा शब्द या प्रयोगातून आला आणि रिशेंना १९१३ साली नोबेल मिळालं. ॲलर्जी ही साठवण नसून आठवण आहे, हे एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ फसवणूक टळेल.

या भाषेत आणखी एक वाक्य वारंवार येतं, 'सुरुवातीला त्रास वाढेल, घाबरू नका, घाण बाहेर पडतेय.' हे वाक्य नीट तपासा. बरं वाटलं तर उपचार लागू पडला. त्रास वाढला तरी उपचार लागूच पडला. मग उपचार चुकला हे कळायचं कधी? असं कधीच न हरणारं विधान एखाद्या टीकालेखात आलं तर आपण सोडून देऊ. पण ज्याचे ओठ सुजलेत, श्वास लागलाय, त्याला हे वाक्य ऐकवलं तर जीव जाऊ शकतो. त्या वेळी मातीची पट्टी नको, ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन हवं, तेही ताबडतोब.

आता शहरातल्या नव्या निसर्गोपचाराकडे येऊ. गांधीजींच्या मातीची जागा इथं छापील अहवालानं घेतली आहे. रक्त द्यायचं आणि शे-दोनशे पदार्थांची लाल, पिवळी, हिरवी यादी घ्यायची. लालमध्ये गहू, दूध, अंडं आणि बहुधा आपण रोज खातो तेच सगळं! याचं कारण सरळ आहे. या चाचण्या मोजतात ते आयजीजी हे प्रतिद्रव्य आणि आपण जे खातो त्याविरुद्ध ते तयार होतंच. ते आजाराची नाही, ओळखीची खूण आहे. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संस्थेनं २००८ साली आणि कॅनडातल्या संस्थेनं २०१२ साली स्पष्ट सांगितलं की अन्नाचं वावडं ठरवायला ही चाचणी वापरू नये.

अगदी आयजीईची चाचणीसुद्धा एकटी पुरत नाही. कर्नाटकातल्या प्रौढांची एक पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. सुमारे २६ टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या पदार्थाविरुद्ध आयजीई सापडलं. खाल्ल्यावर त्रास होतो, असं ज्यांच्याबद्दल म्हणता येईल ते निघाले साधारण १.२ टक्के. म्हणजे नुसता अहवाल वाचून पथ्य सांगितलं असतं, तर वीसाहून जास्त लोकांचं ताट विनाकारण रिकामं झालं असतं, एका खऱ्या रोग्यापायी.

आणि सगळं वावडं म्हणजे ॲलर्जी नव्हे. दूध प्यायलं की पोट फुगतं, त्यात बहुतेकदा दुधातली साखर पचवणारं विकर कमी पडत असतं. अशा माणसाला दही-ताक बऱ्याचदा चालतं. बांगडा खाल्ला आणि चेहरा लाल झाला, डोकं ठणकलं, तर मासा बर्फाविना राहिला होता का, हे आधी विचारा. तशा माशात हिस्टामीन तयार होतं आणि ते शिजवून जात नाही. दोष त्या दिवशीच्या माशाचा असतो आणि माणूस जन्मभर बांगडा सोडतो. कोकणातल्या माणसाला ही केवढी शिक्षा! (हशा) गव्हाचं उदाहरण तर सगळ्यांत महत्त्वाचं. सिलिॲक नावाचा आजार रक्ततपासणीत दिसतो, पण रोगी गहू खात असेल तरच. 'आधी महिनाभर गहू सोडा, मग बघू' असा सल्ला मिळाला, की तपासणीत काहीच न दिसण्याची आणि खरा आजार लपून राहण्याची शक्यता असते. म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी तपासणी, मग पथ्य.

मग पथ्य निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. संशयित पदार्थ काही आठवडे सोडून बघणं ही ॲलर्जीशास्त्राचीही मान्य रीत आहे. पण सोडणं हा अर्धाच प्रयोग झाला. उरलेला अर्धा म्हणजे तो पदार्थ पुन्हा खाऊन बघणं. शक्य तर रोग्यालाही कळू न देता आणि तीव्र त्रास झालेला असेल तर दवाखान्यातच. निसर्गोपचार हा दुसरा अर्धा भाग सहसा विसरतो. आश्रमात दहा दिवस रसाहारावर राहिल्यावर पित्त थांबतं, ते खरं असतं. पण त्या दहा दिवसांत गहू सुटला, तसं ऑफिस सुटलं, जागरण सुटलं, अंगदुखीसाठी अधूनमधून घेतलेली गोळी सुटली. या वेदनाशामक गोळ्यांनी काहींचं पित्त भडकतं. शिवाय दहा दिवस उलटले, हेही आहेच. यातलं श्रेय कुणाचं? पुन्हा खाऊन पाहिल्याशिवाय ते ठरत नाही. आणि ते ठरवलं नाही, तर तात्पुरतं पथ्य जन्माचं होतं.

मुलांच्या बाबतीत हे फार महागात पडतं. वाढत्या वयात दूध, डाळ, अंडं, गहू असं एकेक काढत गेलं, तर मूल खुरटतं. आणि टाळल्यानं ॲलर्जी टळते हा समजही डळमळला आहे. लंडनमध्ये तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ६४० तान्ह्या मुलांवर एक अभ्यास झाला. त्याचा निष्कर्ष २०१५ साली आला. ज्यांना लहानपणापासून शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले त्यांच्यात, पाचव्या वर्षापर्यंत, शेंगदाण्याची ॲलर्जी टाळणाऱ्यांपेक्षा सुमारे ८० टक्के कमी आढळली. अर्थात हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली झालं होतं. कुणी घरी जाऊन नातवावर प्रयोग करू नये, आणि तान्ह्या बाळाला अख्खा दाणा तर कधीच देऊ नये, घशात अडकतो.

शेवटचा मुद्दा नीतीचा आहे. आजार म्हणजे निसर्गनियम मोडल्याची शिक्षा, ही धारणा या परंपरेत खोल रुजलेली आहे. गांधीजींनी ती स्वतःला कठोरपणे लावली. पण जीव वाचवण्याची वेळ आली तेव्हा ते अडून बसले नाहीत. दूध सोडण्याचं व्रत असताना मोठ्या आजारानंतर, कस्तुरबांनी सुचवल्यावरून, ते शेळीचं दूध प्यायले, आणि ती तडजोड मनाला टोचत राहिली हेही आत्मकथेत लिहून ठेवलं. जानेवारी १९२४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांनी अपेंडिक्सची शस्त्रक्रिया करून घेतली. ही कठोरता त्यांनी स्वतःलाही लावली होती. आज ती रोग्यावर उलटवली जाते. बरं वाटलं नाही तर 'तुम्हीच पथ्य पाळलं नसेल' असं ऐकावं लागतं. अंगभर पित्त उठलेल्या, रात्र रात्र खाजवणाऱ्या बाईला वर अपराधी वाटायला लावणं, याला आम्ही उपचार म्हणायला तयार नाही.

तेव्हा कुणी निसर्गोपचारकाकडे जाणार असेल तर जरूर जावं, पण तीन प्रश्न विचारावेत. हा पदार्थ मी पुन्हा कधी खाऊन बघायचा? तुमचा उपचार चुकला हे कशावरून ओळखायचं? आणि श्वास लागला तर कुठं जायचं? तिन्हींची सरळ उत्तरं देणारा माणूस भेटला, तर त्याची पदवी कुठलीही असो, तो ऐकण्याजोगा आहे. आणि आमच्या डॉक्टर मित्रांना एवढंच सांगणं आहे की 'कारण सापडत नाही' हे वाक्य खुर्ची पुढं ओढून, नीट समजावून सांगितलं, तर तेसुद्धा औषधासारखं काम करतं. ते तुम्ही सांगितलं नाही, तर दुसरा कुणीतरी कारण विकायला बसलेलाच आहे.