दुबे यांची तालीम आणि आजची प्रायोगिक रंगभूमी

मुंबईच्या प्रायोगिक रंगभूमीचा इतिहास सत्यदेव दुबे यांना वगळून लिहिताच येणार नाही. १९३६ साली बिलासपूरला जन्मलेला हा हिंदीभाषक तरुण क्रिकेटपटू व्हायचं म्हणून मुंबईत आला आणि इब्राहिम अल्काझींच्या थिएटर युनिट या नाट्यसंस्थेत रमला. १९६२ साली अल्काझी राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची धुरा घ्यायला दिल्लीला गेले आणि थिएटर युनिट दुबे यांच्याकडे आलं. २५ डिसेंबर २०११ रोजी निधन होईपर्यंत नाटक बसवणं आणि नट घडवणं हाच त्यांचा ध्यास होता.

त्यांची नाटकांची निवड पाहिली तरी त्यांचं मोठेपण कळतं. धर्मवीर भारतींचं ‘अंधा युग’, गिरीश कर्नाडांचं ‘ययाति’ आणि ‘हयवदन’, बादल सरकारांचं ‘एवम् इंद्रजित’, मोहन राकेशांचं ‘आधे-अधूरे’ ही नाटकं त्यांनी हिंदीत उभी केली. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकावरचा मराठी चित्रपटही १९७१ साली त्यांनीच दिग्दर्शित केला. कन्नड, बंगाली, हिंदी आणि मराठी नाटककार एकमेकांचे समकालीन आहेत, ही जाणीव मुंबईच्या प्रेक्षकाला देण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे.

‘आधे-अधूरे’त एकच नट पाच पुरुष साकारतो. दुबे यांच्या प्रयोगात ही जबाबदारी अमरीश पुरींवर होती. कपडे बदलले म्हणून माणूस बदलत नाही. घरात किंमत न उरलेला नवरा आणि मिजासखोर साहेब यांतला फरक अखेर वाक्य कुठे तोडलं, कुठे श्वास घेतला, कोणत्या शब्दावर थांबलं यातूनच उभा राहतो. दुबे यांचा सगळा भर नेमका इथे होता. नेपथ्य कमीत कमी, प्रकाशयोजनेची चमक नाही; संहिता आणि ती बोलणारा नट एवढ्यावर नाटक तोलून धरायचं. त्यांच्या शिबिरांतही उच्चार, दमसास आणि वाक्याचा अर्थ यांवरच घाम गाळावा लागे. अमोल पालेकरांपासून सोनाली कुलकर्णी आणि किशोर कदम यांच्यापर्यंत कितीतरी जण या तालमीतून गेले.

या पद्धतीला मर्यादाही होत्या. शब्दाला एवढं झुकतं माप दिल्यावर देहबोली आणि दृश्यरचना यांना दुय्यम स्थान मिळालं. शिवाय सगळं शिक्षण त्यांच्या तापट, हट्टी आणि तितक्याच जिव्हाळ्याच्या स्वभावाभोवती फिरत राहिलं. त्यातून शिष्य घडले, शाळा उभी राहिली नाही. गुरू गेल्यावर पद्धत शिष्यांच्या आठवणींत विखुरली, हे आपल्या रंगभूमीचं मोठं नुकसान आहे.

त्याची झळ आज जाणवते. दादरच्या छबिलदास शाळेतल्या प्रायोगिक नाट्यचळवळीला १९७४ नंतर जे बळ मिळालं, त्यामागे तालमीला मिळणारी स्वस्त जागा आणि नटांचा मोकळा वेळ होता. आज नवे लेखक आहेत, छोट्या जागांत चांगले प्रयोग होतात, प्रकाश आणि ध्वनीची जाण तर पूर्वीपेक्षा वाढली आहे. कच्चा राहतो तो बोलणारा नट. मालिकेच्या चित्रीकरणातून सुटून आलेल्या नटाला लांब वाक्य पेलत नाही. कॉलर माइकच्या सवयीने शेवटचा शब्द गिळला जातो. चार दिवसांच्या अभिनय कार्यशाळांत ऑडिशन कशी द्यायची ते शिकवतात, संहिता कशी वाचायची ते नाही.

दुबे यांना १९७१ साली संगीत नाटक अकादमी पुरस्कार आणि २०११ साली पद्मभूषण मिळालं. खरा सन्मान मात्र अजून बाकी आहे. त्यांच्याकडे शिकलेली मंडळी आपल्यात आहेत, तोवर नाट्यसंस्थांनी त्यांच्याकडून त्या तालमींची तपशीलवार नोंद करून घ्यावी आणि प्रत्येक नव्या नाटकाच्या तालमीत संहितावाचनासाठी काही आठवडे हक्काने राखून ठेवावेत.