जॅक्सनच्या मुखीं घातलेलें एक वाक्य

अमेरिकेंतील चेरोकी लोकांच्या हद्दपारीची हकीगत सांगतांना पुष्कळ ग्रंथकार एका वाक्यापाशीं हटकून थांबतात. १८३२ सालीं सरन्यायाधीश जॉन मार्शल यानें चेरोकींना अनुकूल निकाल दिला, तेव्हां अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यानें ‘आतां अंमलही त्यानेंच करावा’ अशा आशयाचे उद्गार काढले, असें म्हणतात. हे उद्गार आम्ही अस्सल मानीत नाहीं.

ते छापून आले होरेस ग्रीली याच्या ‘दि अमेरिकन कॉन्फ्लिक्ट’ या ग्रंथांत, १८६४ सालीं. म्हणजे प्रसंगानंतर बत्तीस वर्षांनीं, आणि जॅक्सन वारल्यास एकोणीस वर्षें झाल्यावर. ग्रीलीनें हवाला दिला आहे तो जॉर्ज ब्रिग्ज याचा. ब्रिग्ज निकालाच्या वेळीं काँग्रेसचा सभासद होता, म्हणून त्याचें म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हे; पण ग्रंथ छापला तेव्हां तोही हयात नव्हता. बखरींतील संवाद व समकालीन पत्र यांतील भेद आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको.

येथें तसें पत्र उपलब्ध आहे. ७ एप्रिल १८३२ रोजीं जॅक्सननें जॉन कॉफी यास लिहिलें कीं, निकाल मृतच जन्मला असून जॉर्जियास नमविण्याचें सामर्थ्य त्यांत नाहीं. यांत समाधान आहे, आव्हान नाहीं. शिवाय ३ मार्च १८३२ च्या निकालांत अध्यक्षास कसलाच हुकूम नव्हता. चेरोकी मुलुखांत जॉर्जियाचे कायदे चालत नाहींत, असें ठरवून न्यायालयानें वूस्टर नामक मिशनऱ्याची शिक्षा रद्द केली. आज्ञा होती ती जॉर्जियाच्या न्यायालयास. तिची अवज्ञा पुन्हां मांडावयाची तर पुढील सत्राची, म्हणजे १८३३ च्या जानेवारीची, वाट पाहणें प्राप्त होतें. जो हुकूम झालाच नाहीं त्याची अवहेलना अध्यक्षानें कशी केली असेल?

भाव तोच असतां शब्दांचा वाद कशास, अशी शंका कोणी घेईल. आमचा आक्षेप हा कीं, या एका वाक्यानें सारें प्रकरण दोन पुरुषांच्या कलहाचें होऊन बसतें आणि खरे कागद झांकले जातात. जॉर्जियाचा १८२९ चा कायदाच पाहावा. त्यानें १ जून १८३० पासून चेरोकींचे सर्व कायदे रद्दबातल ठरविले. गोरा मनुष्य पक्षकार असेल तेथें इंडियनाची साक्ष अग्राह्य केली. अपवाद केवळ चेरोकी मुलुखांत राहणाऱ्या गोऱ्याचा. ज्याची जमीन बळकावली त्यासच बोलतां येऊं नये, ही तजवीज थंड डोक्याची आहे. १८३० च्या दुसऱ्या कायद्यानें तेथील गोऱ्यांवर परवाना व राज्यनिष्ठेची शपथ लादली. ती नाकारल्यानेंच वूस्टर व बटलर यांस चार वर्षांची सक्तमजुरी झाली होती.

चेरोकींचा प्रतिकारही कागदाचाच होता. १८२७ ची राज्यघटना आणि २१ फेब्रुवारी १८२८ पासून न्यू इकोटा येथें इंग्रजी व सिक्वोया याच्या लिपींत छापलेलें ‘चेरोकी फीनिक्स’ हीं अव्वल दर्जाचीं साधनें होत. मात्र देशत्यागाच्या बाजूचें मत छापूं देत नाहींत, म्हणून संपादक बूडिनो १८३२ च्या ऑगस्टांत बाहेर पडला. त्यापुढील अंकांस सर्व राष्ट्राचें एकमत समजणें चुकीचें होईल.

२९ डिसेंबर १८३५ चा न्यू इकोटाचा तह बूडिनोच्या पक्षानें केला. मुख्य नायक जॉन रॉस याची त्यावर सही नाहीं. तरी १८३६ सालीं सिनेटनें तो आवश्यक दोन-तृतीयांश मतें जेमतेम मिळून मंजूर केला. त्याविरुद्धच्या १८३८ च्या अर्जावर १५,६६५ नांवें असल्याचें सांगतात. १८३५ च्या शिरगणतींत चेरोकी भरले १६,५४२. लहान मुलें धरल्यावांचून हा मेळ बसत नाहीं. तेवढ्यानें अर्ज बनावट ठरत नाहीं; घरेंच्या घरें नोंदलीं असावींत, असा आमचा तर्क आहे. त्याच शिरगणतींत चेरोकींच्या मालकीचे १,५९२ गुलामही आहेत. हा आंकडा त्यांच्या कैवाऱ्यांच्या लेखनांत क्वचितच दिसतो. १८३८ च्या मे महिन्यांत जनरल स्कॉटच्या फौजेनें माणसांस घरांतून ओढून छावण्यांत कोंडलें. तेथें व पश्चिमेच्या वाटेवर सुमारें चार हजार मेले, हा आंकडाही मोजणीचा नसून अदमासाचा आहे.

ग्रीलीचें वाक्य टीपेंत ठेवावें, ब्रिग्जची आठवण म्हणून. त्याच्या हातचें १८३२ मधील टिपण कोणी पुढें आणल्यास आम्ही आमचें मत आनंदानें मागें घेऊं.