बोलका डबा

दरवर्षी नवा फोन निघतो आणि त्याच्या कौतुकाच्या आरत्या सुरू होतात. कॅमेरा म्हणे आणखी सुधारला! अहो, पण चेहरा आमचा तोच, त्याचं काय?

माझ्या मते परीक्षणाला लायक यंत्र पाहायचं तर पनवेलच्या मासळी बाजारात जावं. कोळणीच्या पाटीशेजारी बसलेला तो बोलका डबा! २०१६ साली यूपीआय आलं आणि फोनवरून पैसे चुकते होऊ लागले. पण कोळणीचे हात खवल्यांनी भरलेले. ती फोन कधी बघणार? आणि गिऱ्हाइकानं "गेले हो पैसे" म्हणत नाचवलेल्या पडद्यावर विश्वास तरी का ठेवावा? डबा गिऱ्हाइकाला विचारतच नाही. त्याच्या पोटात स्वतःचं सिमकार्ड असतं. पैसे जमा झाल्याचा निरोप परस्पर येतो आणि डबा खणखणीत मराठीत ओरडतो, "दोनशे रुपये मिळाले!" चष्मा नको, इंग्रजी नको.

दोष? आहेत ना! आज आमच्याकडे केवढ्याची कोलंबी शिजणार, हे घरच्यांआधी शेजाऱ्यांना कळतं. शिवाय पुष्कळ डब्यांचं महिन्याचं भाडं विकणाऱ्याच्याच कनवटीतून जातं. आणि नेटवर्क गेलं, की हा वाचाळ गडी एकदम मौनव्रत धरतो.

तेव्हा मावशीच वाटा पिशवीत टाकते नि म्हणते, "न्या वो, परवा द्या."

एवढी अक्कल अजून कुठल्याच नव्या फोनच्या जाहिरातीत मी वाचलेली नाही.