राक्षस कोणासाठी थांबला आहे?

अद्भुत कथेवर टीका लिहिणाऱ्यापुढे एक अडचण नेहमी असते. सिंह बोलतो याला त्याने हरकत घ्यावयाची नाही. परंतु तोच सिंह पुढच्या प्रकरणात विनाकारण मुका झाला तर मात्र घ्यावयाची. हा नाजूक व्यवहार कादंबऱ्या लिहून मला थोडाफार अंगवळणी पडला होता. पण गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत माझ्या भाच्याने आमच्या जेसल पार्कमधील घरी संगणकावर एक खेळ मांडला, आणि तो जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला.

खेळाचे नाव ‘राजी’. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या मंडळींनी तो रचला आणि २०२० साली तो बाहेर पडला. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या उत्तम खेळांत त्याचे नामांकनही झाले. कथा साधी आहे. राजी आणि तिचा धाकटा भाऊ गोलू ही कसरती करून पोट भरणारी दोन पोरकी मुले. असुर चाल करून येतात, मुलांना पळवून नेतात, आणि त्यांत गोलूही जातो. दुर्गा राजीला त्रिशूळ देते, पुढे विष्णूकडून धनुष्य मिळते, आणि ही एवढीशी पोर महाबलासुराच्या शोधात निघते. महाल आणि झरोके राजस्थानी थाटाचे आहेत. मधले कथाभाग छायाबाहुल्यांतून दाखविले आहेत. ते पाहताना पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्यांची आठवण होते. खेळ अतिशय देखणा आहे, हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढे मी त्याला हसणार आहे.

पहिले हसू आले ते असे. गोलू असुरांच्या तावडीत, बहिणीचा जीव टांगणीला, आणि आमचा भाचा भिंतीवरची चित्रे पाहत उभा! चित्रापुढे थांबले की त्यातील पुराणकथा ऐकू येते. मी म्हटले, “अरे, भाऊ तिकडे राक्षसाच्या हाती, आणि तू चित्रे काय पाहत बसला आहेस?” पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला, “मामा, राक्षस काही करत नाही. मी जेवून आलो तरी तो तिथेच असतो.”

या जातीच्या खेळांतील निम्म्या विसंगतींचे मूळ त्या एका वाक्यात आहे. अमेरिकेतील ‘स्कायरिम’ हा २०११ सालचा खेळ घ्या. जग गिळावयास एक महासर्प उठला आहे. परंतु नायक वर्षभर फुले वेचीत हिंडला तरी प्रलय त्याच्या सवडीची वाट पाहतो. दुकानदाराच्या डोक्यावर बादली पालथी घातली की दुकान धुऊन नेता येते, आणि तो गृहस्थ बादलीखाली शांत उभा राहतो. जपानच्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये (१९८६) राज्य वाचवावयास निघालेल्या वीराला राजा अवघ्या १२० मोहरा देतो. गावात तांब्याची तलवार आहे १८० मोहरांना! राज्य बुडाले तरी चालेल, पण खजिन्याची शिस्त मोडता कामा नये, असा हा राजा. त्याच खेळात दुष्टाचा किल्ला आरंभीच्या राजवाड्यासमोर, पाण्यापलीकडे दिसत असतो. तरी तेथे पोचावयास सारा मुलूख पालथा घालावा लागतो. संध्याकाळी आमच्या चौपाटीवर उभा राहून खाडीतले पाणजू बेट पाहताना मला त्या किल्ल्याची हटकून आठवण होते. मधे पाणी आहे एवढेच. पण एवढ्या पाण्याने कथा होते.

आपल्याला ही थट्टा नवी नाही. ‘मुक्तामाला’ (१८६१), ‘मंजुघोषा’ (१८६८) यांसारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्या आपल्या आज्या-पणज्यांनी आवडीने वाचल्या, आणि हरिभाऊ आपट्यांच्या वाचकांनी त्यांतील योगायोगांना हसून त्या बाजूला सारल्या. परंतु वास्तववादी म्हणविणारे आम्ही तरी काय करतो? माझ्याच एका कादंबरीत तिसऱ्या प्रकरणात वारलेली आत्या अकराव्या प्रकरणात पंगतीत वाढावयास आली होती. एका वाचकाने पत्र पाठवून तिची प्रकृती विचारली, तेव्हा मला ते कळले. माझ्याही कादंबऱ्यांत नायक स्टेशनवर पोचेपर्यंत गाडी सुटत नाही. जग नायकासाठी थांबते, हा खेळ रचणाऱ्यांचा शोध नव्हे. त्यांनी तो लपविला नाही एवढेच. आणि तो सौजन्याचा भाग आहे. खेळणारे मूल जेवावयास उठणार, हे ओळखून राक्षसाला थांबविले आहे. अशा छिद्राला हसावे आणि पुढे जावे.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. दुर्गा आणि विष्णू वरून हे सारे पाहत असतात आणि राजीविषयी आपसांत बोलत असतात. (मूळ खेळात ते इंग्रजीत बोलत. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत त्यांना हिंदी बोल मिळाले.) भाच्याने विचारले, “मामा, देवी स्वतः का जात नाही? तिने तर महिषासुराला मारला होता ना?”

प्रश्न बिनतोड होता, आणि पुराणकारांना तो केव्हाच पडलेला होता. म्हणून तर त्यांनी वराची योजना केली. रावणाने देवदानवांपासून अभय मागितले आणि माणसाला क्षुद्र मानून वगळले; त्या फटीतून राम आला. हिरण्यकशिपूने दिवस आणि रात्र दोन्ही बंद केली, तर संध्याकाळ उघडी राहिली. महिषासुराने पुरुषाच्या हातचे मरण नाकारले, आणि स्त्रीचा विचारच केला नाही. आपल्या पुराणांत छिद्र हा कथेचा दोष नसतो, ते कथेचे दार असते. कथाकार ते आधी कोरतो आणि मग नायकाला त्यातून आत आणतो. ‘राजी’च्या रचनाकारांनी पुराणांतले महाल घेतले, आयुधे घेतली, देव घेतले, हे दार मात्र घ्यावयाचे राहिले. पोरक्या मुलीखेरीज कोणाच्याही हातून मरणार नाही, असा एखादा वर महाबलासुराला दिला असता तर राजीची निवड अटळ झाली असती. आता ती केवळ देवांची मर्जी वाटते. भाच्याचे समाधान होईल असे उत्तर मला खेळात सापडले नाही.

तिसरे छिद्र शेवटाचे. चार-पाच तासांत खेळ संपतो, आणि तोही कोणी मध्येच दिवा मालवावा तसा. भाचा काही वेळ काळ्या पडद्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “म्हणजे गोलू घरी नाही आला?” इथे मला हसू आले नाही. राक्षस थांबला, देव बसून राहिले, हे त्याने हसत पत्करले होते. कारण भाऊ परत आणावयाचा आहे हा एकच करार त्याला ठाऊक होता. तोच अपुरा राहिला. कथाकाराने साऱ्या सवलती घ्याव्यात, पण ज्या वचनावर ऐकणाऱ्याला बसविले ते मोडू नये. पैसा आणि मनुष्यबळ तुटपुंजे असले की शेवट आवरता घ्यावा लागतो, हे समजू शकते. पण मुलाला ते कसे सांगावे?

मी हे टिपणवहीत लिहू लागलो तेव्हा भाचा हिरमुसून म्हणाला, “मामा, ते आपल्या पुण्याचे आहेत. वाईट लिहू नकोस.” हा युक्तिवाद मी साहित्याच्या बैठकींतही पुष्कळदा ऐकला आहे. आपल्या माणसाचे पुस्तक म्हणून आपण त्यातल्या मेलेल्या आत्याकडे काणाडोळा करतो, आणि पुढच्या पुस्तकात ती पुन्हा वाढावयास येते. मला पत्र लिहिणारा तो वाचक माझा शत्रू नव्हता. अकराव्या प्रकरणापर्यंत आत्याला लक्षात ठेवणारा कदाचित तो एकटाच होता. पुण्याच्या या मंडळींना माझ्या भाच्यासारखा वाचक मिळाला आहे. त्याने त्यांच्या छिद्रांतून आत डोकावून पाहिले आणि गोलूची चौकशी केली. पुढचा खेळ रचताना त्यांनी त्याला उत्तर द्यावे.