दुष्काळ व साथींच्या लोकस्मृती : दाता, देवता आणि उपाशी माणूस

ग्रामीण महाराष्ट्रातील दुष्काळ व साथींच्या आठवणींकडे केवळ श्रद्धेचे अवशेष म्हणून पाहिले, तर त्यांतील सामाजिक आशय निसटतो. कोणाची स्मृती टिकली आणि कोणाची लोपली, हा या संदर्भातील कळीचा प्रश्न होय.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. दुष्काळात त्यांनी बहमनी राजवटीची धान्यकोठारे रयतेसाठी खुली केली आणि विठ्ठलाने विठू महाराच्या रूपाने बेदरला जाऊन धान्याची किंमत चुकती केली, असे परंपरा सांगते. दुर्गादेवीचा दुष्काळ परंपरेने १३९६ पासूनचा, तर दामाजींचा काळ सामान्यतः पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातला मानला जातो; तरीही लोककथनात दोहोंची सरमिसळ होते. लोकस्मृती कालक्रम जपत नाही. ती दातृत्व जपते. देव महाराचे रूप घेतो, परंतु त्या दुष्काळात महारवाड्यावर काय ओढवले, याविषयी कथा मौन पाळते. समतेचा आभास आणि वास्तवाचा विसर येथे एकत्र नांदतात.

रोगांच्या स्मृतीचे स्वरूप याहून वेगळे आहे. १९१८ च्या इन्फ्लुएंझाला लोकांनी ‘मानमोडी’ म्हटले. या नावात ना दाता आहे, ना देव. आहे ते केवळ पीडित शरीर. याउलट पटकीची साथ मरीआईच्या कोपाशी जोडली गेली आणि तो कोप शमविण्याचा भार पोतराजावर, म्हणजे बहुधा दलित समाजातील माणसावर, आला. स्वतःच्या अंगावर आसूड ओढणारा पोतराज साऱ्या गावाचे भय वाहतो. गावाने त्याला दिलेले स्थान मात्र गावकुसाबाहेरचेच राहते.

१९७२ च्या दुष्काळाच्या आठवणींत दाता मागे सरतो. मिलो, सुकडी, खडी फोडणे, पाझर तलाव हे शब्द अन्नाचे आणि श्रमाचे आहेत. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. तेथे उपाशी माणूस याचक नव्हता. तो मजुरी मागत होता. या अनुभवाच्या पार्श्वभूमीवर रोजगार हमीला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले.

तात्पर्य, लोकस्मृती हा इतिहासाचा निर्दोष पुरावा नव्हे; तिलाही जातीची आणि सत्तेची चौकट असते. म्हणून लोककथा व आठवणींचे संकलन करताना कथनाबरोबरच कथनकर्त्याचे गावातील स्थान नोंदविणे आणि कथेतील मौनाचाही अर्थ लावणे अगत्याचे ठरते.