मारीन्स्की बॅले आणि ‘ला बायादेर’मधील देवदासी

सेंट पीटर्सबर्गच्या मारीन्स्की रंगमंदिराचे बॅले-पथक कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील झेलरबाख सभागृहात अनेकदा येऊन गेले. २०१२ मध्ये ‘स्वान लेक’, २०१५ मध्ये अलेक्सेई रात्मान्स्कीरचित ‘सिंड्रेला’ आणि २०१९ च्या शरद ऋतूत ‘ला बायादेर’ असे प्रयोग त्याने तेथे केले. यांपैकी शेवटच्या नाट्यनृत्याचा विचार भारतीय अभ्यासकास विशेष अगत्याचा वाटावा; कारण त्याची नायिका निकिया ही देवदासी आहे. ज्या विद्यापीठात संस्कृत नाट्यवाङ्मयाचे अध्ययन एका शतकाहून अधिक काळ चालत आले आहे, त्याच्याच रंगमंचावर ही रशियन देवदासी अवतरली. तेव्हा तिच्या ठायी देवदासीपण कितपत उरले आहे, आणि ते उरले नसेल तर या कलाकृतीचे सामर्थ्य कशात आहे, हा प्रश्न ओघानेच उपस्थित होतो.

प्रथम नावाचाच विचार करावा. ‘बायादेर’ हा फ्रेंच शब्द ‘नर्तकी’ या अर्थाच्या ‘बायलादेइरा’ या पोर्तुगीज शब्दापासून आला. गोव्यातील कलावंतिणींना पोर्तुगीज हेच नाव देत. अर्थात युरोपच्या रंगभूमीवर हा शब्द पोहोचला तो कोकणकिनाऱ्यावरच्या वास्तवातून. परंतु वाटेत त्यातील वास्तव गळाले आणि मोहिनी तेवढी उरली. १८३८ मध्ये पाँडिचेरीनजीकच्या तिरुवेंदिपुरम् येथील मंदिर-नर्तकींचे एक पथक पॅरिसला गेले, तेव्हा थिओफिल गोतिए या लेखकाने त्यांचे उत्कट वर्णन केले. त्याच गोतिएच्या संहितेवरून ल्युसियाँ पेतिपा याने १८५८ मध्ये पॅरिसला ‘शाकुंतला’ हे बॅले रचले. त्याचा धाकटा भाऊ मारियुस पेतिपा याने १८७७ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे लुडविग मिंकुसच्या संगीतावर ‘ला बायादेर’ उभे केले. हा वंशवृक्ष ध्यानात घेतला, म्हणजे या कथेतील गोवळकोंड्याच्या राजाचे ‘दुग्मान्ता’ हे नाव कोणाची छाया आहे हे सांगावे लागत नाही. गोवळकोंड्यास मात्र सुलतानशाही होती, याची दखल संहिताकारांनी घेतलेली नाही.

कथानक थोडक्यात असे: निकिया आणि सोलोर हा योद्धा परस्परांवर अनुरक्त आहेत. राजा आपली कन्या गाम्झात्ती सोलोरला देऊ करतो आणि तो ते स्वीकारतो. विवाह-निश्चयाच्या समारंभात निकियाला नृत्य करावे लागते. फुलांच्या करंडीत दडविलेला सर्प तिला दंश करतो. तिच्यावर लुब्ध झालेला मुख्य पुरोहित विषावरील उतारा पुढे करतो. सोलोर गाम्झात्तीसमवेत निघून जात असल्याचे पाहून निकिया तो नाकारते व प्राण सोडते. शोकग्रस्त सोलोरला पुढे अफूच्या धुंदीत छायालोकाचे दर्शन घडते.

या छायालोकाच्या प्रवेशावरच या बॅलेची कीर्ती उभी आहे, आणि ती यथार्थ आहे. बत्तीस शुभ्रवसना नर्तकी एका उतरणीवरून एकामागून एक येतात. प्रत्येकीची हालचाल एकच: एका पायावर तोल सावरून पुढे झुकणे, मागे रेलणे, पाऊल टाकणे. जी सर्वांत आधी उतरते ती शेवटची येईपर्यंत हेच करीत राहते. ग्युस्ताव दोरेने दान्तेच्या ‘स्वर्ग’खंडासाठी काढलेल्या चित्रावरून पेतिपाला ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. भरताच्या परिभाषेत बोलायचे तर हे शुद्ध नृत्त आहे; येथे अभिनय नाही, अर्थ सांगणारी मुद्रा नाही. तथापि आवृत्तीच्या योगानेच शोकाचा प्रत्यय येतो. एकच प्रिय आकृती मनापुढे पुनःपुन्हा येत राहणे हे शोकाचे लक्षण आहे. तेच येथे देहांच्या रांगेत मूर्त झाले आहे. मारीन्स्कीच्या समूहनृत्यातील एकजीवता ही पिढ्यान्‌पिढ्यांच्या एकाच शिक्षणपद्धतीचे फळ होय. म्हणूनच हा प्रवेश या पथकाचा मानदंड ठरला आहे. मात्र एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. हा उत्कर्षबिंदू जेथे साधतो, तेथे भारताचा लवलेशही उरलेला नसतो. देवालय, फकीर आणि १९४८ मध्ये समाविष्ट झालेले सुवर्णमूर्तीचे नृत्य हा सारा साज मागे पडल्यावरच ही कलाकृती स्वतःच्या भाषेत बोलू लागते.

म्हणून भारताचे चित्रण अयथार्थ आहे, एवढ्यावर टीका संपविणे उथळ ठरेल. अधिक गंभीर दोष रचनेचा आहे. मूळ रचनेत छायालोकानंतर आणखी एक अंक होता: सोलोर-गाम्झात्तीच्या विवाहप्रसंगी देवकोप होऊन मंदिर कोसळे. सोव्हिएत काळात हा अंक गळाला. १९४१ मध्ये पोनोमार्‍योव आणि चाबुकियानी यांनी सिद्ध केलेल्या आणि या पथकात रूढ झालेल्या आवृत्तीत नाट्य छायालोकातच संपते. परिणामी निकियावरील अन्यायाचा जाब कोणालाच द्यावा लागत नाही. अपराधी प्रियकराला स्वप्नात सांत्वन लाभते आणि प्रेक्षक सौंदर्याने तृप्त होऊन उठतो. करुणाला निष्पत्ती न देता त्याचे रमणीय चित्र करणे, ही उणीव नृत्याच्या परिपूर्णतेने झाकली जाते, भरून निघत नाही. सेर्गेई विखारेव यांनी २००२ मध्ये १९०० सालच्या आवृत्तीची पुनर्रचना याच रंगमंदिरात केली, तेव्हा गळालेला अंक परत आला. त्यासाठी आधारभूत ठरलेली नृत्यलेखने हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. तरीही पथकाने पुढे जुनीच आवृत्ती चालू ठेवली.

येथे ‘मृच्छकटिका’ची आठवण होणे स्वाभाविक आहे. आर्थर रायडर यांनी केलेल्या त्याच्या इंग्रजी भाषांतराचा प्रयोग १९०७ मध्ये बर्कलीच्याच खुल्या ग्रीक रंगमंदिरात झाला होता. वसंतसेनाही समाजाने कलेसाठी आणि भोगासाठी राखून ठेवलेली स्त्री आहे. तिचाही गळा दाबला जातो, तीही मृत समजली जाते. परंतु शूद्रक तिला छायालोकात धाडीत नाही. ती पुन्हा उठते, न्यायसभेने दिलेला निर्णय खोटा ठरतो आणि तिला ‘वधू’ हे पद मिळते. निकियाने उतारा नाकारला, हा तिचा एकमेव स्वतंत्र निर्णय. तो मरणाचा आहे. वसंतसेनेचे निर्णय मात्र जगण्याचे आहेत. एकाच विद्यापीठाच्या दोन रंगमंचांवर या दोन नायिका अवतरल्या. त्यांना शेजारी उभे केले असता जो बोध होतो तो कोणत्याही एकीच्या स्तुतीने होणार नाही.

विद्यापीठाने आमंत्रिलेल्या प्रयोगाची आणि व्यावसायिक नाट्यगृहातील प्रयोगाची कसोटी भिन्न असावी ती याच कारणासाठी. व्यावसायिक नाट्यगृहाने उत्तम प्रयोग दाखविला की त्याचे काम संपते. विद्यापीठाचे तेथून सुरू होते. इंडियाना विद्यापीठाने मार्च २०२४ मध्ये याच बॅलेचे रूपांतर सादर केले. त्यात फिल चॅन आणि डग फुलिंग्टन यांनी कथा १९३० च्या सुमाराच्या हॉलीवूडमध्ये नेली आणि पेतिपाची नृत्यरचना अभ्यासपूर्वक राखली. या मार्गाने खोटा भारत दूर होतो हे खरे. पण त्याबरोबर देवदासीचा प्रश्नही दूर होतो. तिला पुसून टाकणे हे तिला समजून घेण्याला पर्याय होऊ शकत नाही.

२०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर या पथकाच्या अमेरिकेतील भेटी थांबल्या. त्यामुळे २०१९ च्या प्रयोगांकडे आता काहीशा अंतरावरून पाहता येते. उतरणीवरून येणाऱ्या त्या बत्तीस छायांचे सौंदर्य निर्विवाद आहे. परंतु त्या ज्या एका स्त्रीच्या छाया आहेत, ती कोण होती हे पेतिपाला ठाऊक नव्हते, आणि प्रेक्षकालाही ते ठाऊक करून घेण्याची गरज भासली नाही. ते शोधून सांगणे हे नृत्य, संस्कृत आणि समाजेतिहास या तिन्ही विषयांच्या अभ्यासकांचे संयुक्त कार्य आहे.